मेणवलीचा घाट, क्रिटामध्ये : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

काम असं ठरलंय : वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचं एक आडवं चित्र, ए-फोर आकारात, छापून फ्रेम करता येईल असं. कागदावर रंगवून स्कॅन करायचं नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत कॉम्प्युटरवरच. सॉफ्टवेअर फुकटचंच. मुदत गुढीपाडवा, म्हणजे ३० मार्च. पतसंस्थेची नोकरी सांभाळून करायचं, त्यामुळे दुसरा-चौथा शनिवार, रविवार आणि रात्री जेवणं उरकल्यावर मिळेल तो वेळ.

भांडवल फार नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या होत्या. त्यानंतर ब्रश हातात आला तो पणत्या रंगवण्यापुरता. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅमचा. पेन टॅबलेट भाच्याने दिलाय, सहा बाय चार इंचाचा, स्वतःचा पडदा नसलेला. म्हणजे हात टेबलावर आणि नजर समोर.

सॉफ्टवेअर कुठलं, यात एक संध्याकाळ गेली. जिंप १९९६ पासून आहे, पण त्याचा खरा जीव फोटोवरच्या कामात. इंकस्केप रेषा गणिताने लक्षात ठेवतं. बोधचिन्हं, अक्षरं, लग्नपत्रिका यांना झकास, पण दगडी भिंत रंगवायला नको. मायपेंट साधं-सुटसुटीत आहे, फक्त पुढे कमी पडेल असं वाटलं. उरलं क्रिटा. २००९ च्या सुमारास त्यांनी ठरवून टाकलं की आपण चित्र काढणाऱ्यांसाठीच बनवायचं, आणि ते वापरताना जाणवतं. मेनूत फोटोवाल्यांची गर्दी नाही, ब्रश मात्र ढीगभर. स्टीमवर आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर तेच क्रिटा पैसे देऊन मिळतं, तो पैसा विकासाला जातो. त्यांच्या साइटवरून घेतलं तर फुकट. मी फुकट घेतलं. चित्र मनासारखं झालं तर देणगी देईन म्हणते.

१२ जानेवारी, रविवार

गोल काढला की लंबगोल येतो!

आधी वाटलं हात बसला नाही. मग वाटी टॅबलेटवर पालथी घालून तिच्या कडेने पेन फिरवलं, तरीही पडद्यावर अंडंच. म्हणजे दोष हाताचा नाही, मापाचा. टॅबलेट ६ × ४ इंच, म्हणजे रुंदी उंचीच्या दीडपट. लॅपटॉपचा पडदा सोळाला नऊ, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. पूर्ण टॅबलेट पूर्ण पडद्याला जोडला की प्रत्येक आकार आडवा ताणला जातो. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवायची खूण असते, ती केली. आता खालची साधारण सहा दशांश इंचाची पट्टी निकामी झाली, पण वाटी गोल आली.

नव्याने शिकणाऱ्याने ब्रश बघायच्या आधी हे तपासावं. नाहीतर महिनाभर चुकीच्या गोलाचा सराव होईल आणि हाताला तीच सवय लागेल.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देऊन-घेऊन झाल्यावर अर्धा तास मिळाला. मल्टिब्रश नावाचं हत्यार आहे. मध्यबिंदू ठेवायचा, किती पाकळ्या ते सांगायचं, आणि एक रेघ ओढली की ती सगळीकडून उमटते. सोळा पाकळ्यांची रांगोळी चहा होईस्तोवर तयार. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग यात तू काय केलंस?" बरोबर आहे त्यांचं. घाटाला याचा उपयोग शून्य, पण हात मोकळा झाला.

१९ जानेवारी, रविवार

आजचा पूर्ण वेळ पेनच्या दाबात गेला, आणि तो गेला ते बरंच झालं.

टॅबलेटच्या खोक्यावर लिहिलंय की दाबाच्या ८१९२ पातळ्या कळतात. माझ्या हाताला मात्र दोनच कळत होत्या : रेघ नाही, आणि जाड रेघ. व्हाउचर भरताना खालच्या कार्बनवर आकडे उमटले पाहिजेत, म्हणून दाबून लिहायची इतक्या वर्षांची सवय. त्यामुळे पेन टेकवलं की दाब थेट वरच्या टोकाला.

क्रिटाच्या सेटिंगमध्ये टॅबलेटच्या पानावर दाबाचा आलेख असतो. आडव्या बाजूला हाताचा दाब, उभ्या बाजूला क्रिटाला पोचणारा दाब, मध्ये तिरकी सरळ रेषा. ती रेषा मध्यावर धरून खाली ओढली की हलका आणि मध्यम दाब आणखी हलका धरला जातो, पूर्ण जाडी येण्यासाठी खरोखर दाबावं लागतं. हलका हात असेल त्याने उलट, वर ओढावी. शेजारीच चाचणीची जागा आहे, तिथे रेघ ओढत ओढत बेताने आलेख वाकवला. मग पेन्सिलचा ब्रश घेऊन एकाच रेघेत बारीक-जाड-बारीक असं जमायला लागलं.

दुसरी अडचण, रेघ थरथरते. याचंही गणित आहे. टॅबलेटची रुंदी सहा इंच, पडद्याची साडेतेरा. हात एक इंच हलला की पडद्यावर रेघ सव्वादोन इंच जाते, आणि हाताची थरथरही सव्वादोनपट दिसते. उपाय दोन. ब्रशचं स्मूदिंग, म्हणजे रेघ आपोआप गुळगुळीत करणं, वाढवायचं, पण ते फार वाढवलं की रेघ पेनच्या मागून ओढल्यासारखी येते आणि चित्राचा जीव जातो. लांब रेषेपुरता त्याचा 'वेटेड' प्रकार, एरवी साधा 'बेसिक', यावर मी थांबले. दुसरा उपाय म्हणजे चित्र मोठं करून रेघ ओढायची. त्यात वेगळाच धोका आहे, त्याबद्दल पुढे.

टॅबलेटची पाठ गुळगुळीत, पेन घसरतं. वर साधा ड्रॉइंगचा कागद चिकटवला. पेन कागदातूनही नीट चालतं आणि खरखर हाताला ओळखीची वाटते. निब लवकर झिजते म्हणतात. झिजू दे, खोक्यात जास्तीच्या आहेत.

२५ जानेवारी, शनिवार

नवीन फाइल उघडताना क्रिटा विचारतं : किती रुंद, किती उंच, किती रिझोल्युशन, रंग कुठल्या पद्धतीचे, किती बिटचे, म्हणजे छटा किती बारीक मोजायच्या. दुकानात जाऊन पाव इंपिरियल शीट मागितली की हे सगळं एका दमात ठरायचं. कागदाचा आकार ठरलेला, दाणा ठरलेला, रंग वाळायला लागणारा वेळही ठरलेला. इथे यातलं काहीही ठरलेलं नाही. कागद जे न बोलता ठरवून द्यायचा ते इथे आपल्याला बसून ठरवावं लागतं, आणि ठरवलं नाही तर चित्र कुठेही वाहवत जातं. या प्रकल्पात निम्मं काम तेच आहे असं दिसायला लागलंय.

तर ठरवलं. ए-फोर आडवा, इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे ३५०८ × २४८०. एकूण ८७ लाख पिक्सेल. ८ बिटमध्ये एका पिक्सेलला चार बाइट, म्हणजे पूर्ण रंगवलेला एक लेयर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांपैकी एक असावा तसा थर) साधारण ३५ एमबी. १६ बिट घेतलं तर दुप्पट. आमच्या लॅपटॉपला ८ बिटच झेपेल, आणि छापायला तेवढं पुरतं.

झूमचाही नियम केला. पूर्ण चित्र पडद्यावर मावतं ते २५ टक्क्यांना. मोठे आकार आणि रंगाचे डाग २५ ला. रेषा ५० ला. १०० वर फक्त शेवटी, आणि तेही एक-दोन ठिकाणी. त्याच्या पुढे नाही. क्रिटात पाहिजे तेवढं आत शिरता येतं, आणि शिरलं की माणूस एका दगडाच्या भेगेत तासभर बसतो, जी भेग छापल्यावर केसाएवढीही दिसणार नाही.

ब्रश तीन. एक पेन्सिल, एक कडक कडेचा, एक रंग ओला करून ओढणारा. बाकीचे बघायचेही नाहीत.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून मेणवलीला. वाईहून तीन किलोमीटर, स्कूटीवर दहा मिनिटं. वही आणि दोन पेन्सिली नेल्या होत्या. रेखाटनं वहीतच केली. टॅबलेट-लॅपटॉप घाटावर मांडून बसण्यात अर्थ नाही, उन्हात पडदा दिसत नाही आणि बॅटरीची धाकधूक.

नाना फडणवीसांचा वाडा मागे, पुढे कृष्णेकडे उतरत जाणारा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट, घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. शेजारच्या छोट्या दगडी इमारतीत ती प्रसिद्ध घंटा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या पोर्तुगीजांकडून आलेली. माझ्या चित्रात ती येणार ती फक्त एका काळोख्या चौकटीइतकी. बघायला आलेले लोक आधी तिथे जातात. चित्रात मात्र डोळा पायऱ्यांवरच जायला हवा.

बसायची जागा नक्की केली : घाटाच्या एका टोकाला, पाण्यापासून थोडं वर, जिथून पायऱ्यांचा पूर्ण बाक समोर येतो. नदी संथ होती, धुणं धुणाऱ्या बायका, एक म्हैस. फोनवर फोटोही काढले, पण ते तपशिलापुरते. फोनच्या लेन्समध्ये जवळची पायरी अवाढव्य दिसते आणि देऊळ आक्रसून मागे पळतं. डोळ्याला तसं अजिबात दिसत नाही. फोटोवरून गिरवलं असतं तर ते फोनच्या नजरेचं चित्र झालं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

पायऱ्या. आज फक्त पायऱ्या.

इंटरमिजिएटच्या वेळी बादली आणि तांब्याचं वस्तुचित्र काढताना सर सांगायचे की तोंडाचा लंबगोल आणि बुडाचा लंबगोल सारखा नसतो. डोळ्याच्या रेषेपासून जितकं दूर, तितका तो फुगीर. घाट हे त्याच नियमाचं मोठं उदाहरण आहे. फक्त इथे माणूस बादलीच्या आत बसलेला असतो.

क्रिटात असिस्टंट म्हणून सोय आहे. पट्टी, समांतर पट्टी, लुप्तबिंदू, लंबगोल, सगळ्या अदृश्य पट्ट्या चित्रावर मांडता येतात आणि ब्रश त्यांना चिकटून चालतो. त्यात एकाच केंद्राचे लंबगोल देणारीही एक आहे. वाटलं, हीच ती. एक लंबगोल मांडला, आतबाहेर सरकत पायऱ्या ओढल्या. दिसायला सुबक, पण घाट न दिसता गोल थाळी दिसायला लागली, सगळ्या पायऱ्या एकाच पातळीवर पडलेल्या.

कारण उघड आहे. थाळीवरची वर्तुळं एका पातळीत असतात. पायऱ्या एकेक करून वर चढतात, म्हणून प्रत्येकीच्या वर्तुळाचं केंद्रही वर चढतं, आणि ती डोळ्याच्या रेषेकडे जाईल तसा लंबगोल चपटा होत जातो. मी जिथे बसले होते तिथून डोळ्याच्या खालच्या पायऱ्यांचा बाक वरच्या बाजूला, कमानीसारखा. बरोबर डोळ्याच्या उंचीवरची पायरी पट्टीने ओढावी तशी सरळ. तिच्या वरच्या पायऱ्यांचा बाक उलटा, मध्ये खाली झुकलेला, आणि त्यांचे सपाट भाग दिसतच नाहीत, फक्त उभे दगड दिसतात. वहीतल्या रेखाटनात हे आपोआप आलं होतं, कारण तिथे मी बघून काढत होते.

म्हणून रीत अशी केली. आधी डोळ्याची आडवी रेषा एका वेगळ्या लेयरवर, लाल रंगात. मग सगळ्यात खालच्या पायरीचा एक लंबगोल असिस्टंट आणि सगळ्यात वरच्या पायरीचा एक. मधल्या पायऱ्या हाताने, दोघींच्या मध्ये बाक हळूहळू बदलत नेत. असिस्टंट बंद करून. पायऱ्यांची उंचीही सारखी ठेवली नाही, कारण त्या सारख्या नाहीतच. अडीचशे-एक वर्षांत दगड बसलेत, काही कडा गुळगुळीत झाल्यात. असिस्टंटला हे सांगता येत नाही.

इंग्रजी एम दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. दर थोड्या वेळाने दाबत राहिले. उलट्या चित्रात डावीकडची पायरी खचलेली आहे हे लगेच दिसलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

चित्रकलेचे सर आले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कृष्णाबाईच्या उत्सवाला घाटावर असतातच. लॅपटॉपसमोर बसवलं. चष्मा वर करून पडद्याच्या अगदी जवळ गेले, मग खुर्ची मागे सरकवून भिंतीपर्यंत गेले.

"याला लांबून बघायची सोय आहे का गं?"

"सर, लहान करून बघता येतं."

"लहान करून नको. तू काढतेयस तेव्हा बाजूला सतत लहान दिसलं पाहिजे. वर्गात मी तुम्हाला उठून मागे जायला लावायचो, आठवतंय? तू तेव्हाही उठायची नाहीस."

ओव्हरव्ह्यू नावाची चौकट आहे, तिच्यात पूर्ण चित्र काडेपेटीएवढं दिसत राहतं. ती मी जागा अडवते म्हणून बंद केली होती. आता कायम उघडी. सर म्हणाले, काडेपेटीत घाट कळला तर भिंतीवर कळेल. आणि रंगाला हात लावू नकोस, आधी तीन टोनमध्ये उरक. जाताना विचारलं, "हे सगळं फुकट? मग ते लोक खातात काय?" देणगी, दुकानातली विक्री, असं सांगितलं. पटलेलं दिसलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

तीन टोन. उजेडातले दगड आणि आकाश एक, सावलीतल्या पायऱ्या आणि देवळाची बाजू दोन, दारं-कोनाडे-झाडाखालचा काळोख तीन. कडक ब्रश, अपारदर्शक, २५ टक्के झूम. तासाभरात संपलं, आणि आतापर्यंतचं सगळ्यात बरं दिसणारं चित्र हेच आहे. घाटाचा काळा दगड उन्हात काळा नसतो, चांगला उजळ राखाडी असतो. काळा म्हणून काळा रंगवला की ऊन मरतं.

पुढे रंगातही हे तपासता यावं म्हणून सगळ्यात वर एक काळ्या रंगाने भरलेला लेयर ठेवला आणि त्याचा मिश्रणप्रकार 'कलर' केला. तो चालू केला की खालचं सगळं रंग जाऊन राखाडी दिसतं, बंद केला की रंग परत. नाव ठेवलं 'सर'.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रंग सुरू. पोस्टर कलरवर वाढलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो हिरव्याचा.

निळा आणि पिवळा मिळून हिरवा, हे आपण पहिलीपासून धरून चाललेलो असतो. क्रिटात शुद्ध निळ्यावर शुद्ध पिवळा अर्ध्या पारदर्शकतेने फिरवला. आला राखाडी. मुळीच हिरवट नाही, सरळ सिमेंटचा राखाडी. आकडे बघितल्यावर उलगडा झाला. निळा म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा २५५. पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. दोघांची सरासरी काढली की तिन्ही खणांत साधारण १२७, आणि तिन्ही सारखे म्हणजे राखाडी. बाटलीतले रंग उजेड शोषतात, त्यांच्यात उरतो तो हिरवा. पडदा उजेडाची बेरीज-सरासरी करतो, त्याला बाटलीचं वागणं ठाऊक नाही.

त्यामुळे इथे रंग 'तयार' करायच्या फंदात पडायचं नाही, हवा तो थेट निवडायचा. पण निवडायला चक्रावर लाखो रंग, आणि दर वेळी थोडा वेगळा उचलला जातो. चित्र गावच्या जत्रेतल्या पिपाण्यांसारखं बेसूर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पॅलेटमध्ये बारा खण केले, पोस्टर कलरच्या डबीत असायचे तेवढेच. दगड उन्हातला, दगड सावलीतला, ओला दगड, शेवाळ, पाणी उथळ, पाणी खोल, आकाश, झाड उजेडातलं, झाड सावलीतलं, माती, एक लुगड्याचा लाल, आणि एक जवळजवळ काळा. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा डबीत ठेवलेच नाहीत. मधला रंग हवा असेल तर चित्रावरच दोन रंग शेजारी ओढून, कंट्रोल दाबून मधला उचलायचा.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. मेणेश्वराला गर्दी. दर्शनाच्या रांगेतून एवढंच टिपलं की भर दुपारी सावलीतला दगड निळसर दिसतो, पण पायरीच्या उभ्या भागावर खालून उन्हाचा तांबूस उजेड परत फेकला जातो. घरी येऊन 'दगड सावलीतला' हा खण बदलला आणि चित्रातल्या सगळ्या उभ्या कडांना थोडा मातीचा हात दिला. सावली एकदम हवेशीर झाली.

२ मार्च, रविवार

दगडाचा पोत काढताना मोह होतो. क्रिटात खडकाचे, गवताचे, पानांचे तयार ब्रश आहेत. एक फटकारा मारला की शंभर भेगा. एक मारून बघितला, 'सर' चालू केला, काडेपेटीत बघितलं. उन्हातल्या पायऱ्या आणि सावलीतल्या पायऱ्या एकाच मळकट पट्ट्यात गेल्या. पुसून टाकला. पोत फक्त जिथे ऊन संपून सावली सुरू होते त्या काठावर, हाताने, मोजक्या ठिकाणी. बाकी डोळा स्वतः भरून घेतो.

लेयर सहा ठेवलेत : आकाश, वाडा-देऊळ, पायऱ्या, पाणी, माणसं, आणि वर 'सर'. नावं मराठीत, क्रिटाची हरकत नाही. दर बैठकीच्या सुरुवातीला कंट्रोल-ऑल्ट-एस, म्हणजे जुनी फाइल तशीच राहून पुढच्या क्रमांकाची नवी तयार होते. क्रिटा मधून मधून स्वतःही जपून ठेवतं, पण वाईतली वीज आणि जुनी बॅटरी या जोडीवर माझा भरवसा नाही.

९ मार्च, रविवार

पाणी. सगळेजण सांगतात की सोपं आहे, वरच्या भागाची नक्कल करा, उभी उलटी करा, थोडी पुसट करा, झालं प्रतिबिंब. तसं करून बघितलं. दिसतं बरं, पण खटकतं. का खटकतं ते वहीतल्या रेखाटनाशी ताडून बघितल्यावर कळलं.

प्रतिबिंबात आपल्याला जे दिसतं ते पाण्याच्या खालून वर बघणाऱ्या डोळ्याचं दृश्य असतं. मी काठावर बसून खालच्या पायऱ्यांचे सपाट भाग बघू शकते. पाण्याखालचा डोळा ते बघूच शकत नाही, त्याला फक्त उभे दगड दिसतात. म्हणजे प्रतिबिंबात पायऱ्यांचे उजळ सपाट पट्टे गायब, आणि उभ्या सावल्या एकमेकींना चिकटलेल्या. नक्कल उलटी केली की ते उजळ पट्टेही पाण्यात उतरतात, म्हणून पाणी खोटं वाटतं. शिवाय मागे असलेला वाडा प्रतिबिंबात बराचसा पायऱ्यांच्या आड जातो. थोडं छप्पर आणि झाडाचा शेंडा एवढंच उरतं.

नक्कल काढून टाकली, पाणी हाताने रंगवलं. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं उजळ ठेवलं, उजळ वस्तूचं थोडं गडद. उभे फटकारे आधी, त्यावर अगदी थोड्या आडव्या रेघा, तेही जिथे धुण्याच्या दगडापासून लाट निघते तिथेच. म्हैस घेतली नाही. घेतली असती तर सगळं चित्र तिचंच झालं असतं.

१८ मार्च

जिंपची ३.० आवृत्ती परवा आली. २.० आली होती २००४ मध्ये! फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतो, ही त्यातली मोठी गोष्ट. छपाईआधीच्या डागडुजीला वापरून बघेन, पण पाडव्यापर्यंत नवीन काही शिकायचं नाही.

माणसं तीन ठेवली. तिघीही ओळखू येणार नाहीत एवढ्या लहान. लुगड्याचा लाल फक्त एकीला.

२३ मार्च, रविवार

काल साताऱ्यात डिजिटल छपाईवाल्याकडून नमुना काढून आणला. घरी खिडकीशी धरून बघितला. सावल्या बुजल्यात, घंटेची चौकट आणि तिच्या बाजूची भिंत एकच झालीय, आकाशाचा निळा मातकट. यात छपाईवाल्याचा दोष नाही. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद खोलीतला उजेड परत देतो. मी रात्री पूर्ण उजेडावर रंगवत होते, तिथे खोल सावल्याही स्पष्ट दिसतात. छापलेला निळा चार शाईंतून येतो, पडद्यावरचा तो चकचकीत निळा त्या शाईंत बसतच नाही.

उपाय : लॅपटॉपचा उजेड इतका कमी केला की पडद्यावरचा पांढरा आणि शेजारी ठेवलेला कोरा कागद दिवसा साधारण सारखे दिसावेत. सगळ्यात वर लेव्हल्सचा फिल्टर लेयर टाकून मधले टोन थोडे उचलले. खालच्या रंगाला हात लावायला नको, फिल्टर नंतरही कमी-जास्त करता येतो. आकाश जरा राखाडीकडे नेलं, म्हणजे शाईला जे जमणार नाही ते मागायचंच नाही.

कटिंगचाही प्रश्न. कागद कापताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र हवं, ३०० च्या हिशेबाने ३५ पिक्सेल. कॅनव्हास वाढवून कडेचं आकाश-पाणी पुढे ओढलं.

३० मार्च, रविवार

गुढी उभारून, जेवणं उरकून छापील प्रत फ्रेममध्ये घातली. मॅट कागदावर घेतली, चकचकीत कागदावर दिव्याचं बिंब पडतं. सावल्या उघडल्यात, घंटेची चौकट वेगळी कळते. पाण्याचा उजवा कोपरा अजून जड आहे. सरांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर : "प्रत्यक्ष बघितल्याशिवाय बोलणार नाही."

क्रिटाला देणगी पाठवली.

शेवटचं काम म्हणजे पुढच्या चित्रासाठी टेम्प्लेट. फाइल मेनूतून चालू चित्राचंच टेम्प्लेट करता येतं. रंगवलेलं सगळं पुसून फक्त सांगाडा ठेवला : ए-फोर अधिक कटिंगची जागा, ८ बिट, मध्यम राखाडी जमीन, लाल डोळ्याची रेषा, पाच रिकामे लेयर, वर लेव्हल्स आणि 'सर'. बारा खणांचं पॅलेट वेगळं जपून ठेवलं. यापुढे नवीन चित्र उघडताना क्रिटाने काही विचारायचं नाही आणि मी काही ठरवायचं नाही.

पुढचं धोमच्या देवळाचं घेतेय. तिथे कमळाच्या आकाराचं कुंड आणि त्यात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे, म्हणजे पुन्हा लंबगोल, आणि या वेळी पाकळ्यांचे. मे महिन्यात ऊन डोक्यावर असतं, सावल्या मिळत नाहीत, म्हणून रेखाटनं एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी आठच्या आत उरकायची.